कुंभाराचं गाढव आणि बँडचा मॅनेजर

‘रॉक बँडच्या यशात मॅनेजरचा वाटा किती’ हा विषय मी कळवला तेव्हा आयोजकांनी फोन करून दोनदा विचारलं, ‘सर, नक्की हाच ना?’ सत्तरी ओलांडलेला तत्त्वज्ञानाचा मास्तर गिटारवर काय बोलणार, अशी त्यांना शंका. गिटारवर मी बोलणारच नाही. मला पडलेला प्रश्न कार्यकारणाचा आहे, आणि तो माझ्या घरचा आहे. एखादी गोष्ट घडली, तर ती कोणामुळे घडली असं म्हणायचं? कोणाला कारण म्हणायचं आणि कोणाला ‘होता तिथे आजूबाजूला’ म्हणून सोडून द्यायचं?

आपल्या न्यायशास्त्रात यासाठी एक गाढव आहे. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननांनी ‘भाषापरिच्छेद’ लिहिला. न्याय शिकणाऱ्याच्या हाती आजही हा ग्रंथ पडतो. त्यात मडक्याचं उदाहरण आहे. मडकं तयार व्हायला माती लागते, कुंभार लागतो, चाक फिरवायचा दांडा लागतो. ही सगळी कारणं. पण दांड्याचा रंग? तो दांड्याबरोबर असतोच, तरी कारण नव्हे. कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभार नसता, पण म्हणून मडक्याचं कारण बाप नव्हे. आणि माती वाहून आणणारं गाढव? तेही नव्हे. एखाद्या मडक्याच्या आधी गाढव हजर असेल, पण गाढवावाचूनही मडकी होतात. अशांना नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. म्हणजे हजर आहे, कदाचित उपयोगीही आहे, पण कारणांच्या यादीत नाव नाही.

तर बँडचा मॅनेजर हा दांडा की गाढव? तो गात नाही, वाजवत नाही, चाल बांधत नाही. त्यानं वाहून आणलेल्या मातीचं मडकं दुसरेच करतात. आणि तरी तो टक्केवारी मागतो.

कारण ओळखायची जुनी रीत म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना कार्य होतं का, आणि ते नसताना कार्य थांबतं का, हे दोन्ही पाहायचं. माणसांच्या बाबतीत असा प्रयोग करता येत नाही. पण इतिहासानं कधी कधी तो करून ठेवलेला असतो. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध बँडच्या बाबतीत तर फारच स्वच्छ करून ठेवलाय.

लिव्हरपूलमध्ये ब्रायन एप्स्टाइन नावाचा तरुण घरच्या व्यवसायातलं रेकॉर्डचं दुकान सांभाळत होता. 9 नोव्हेंबर 1961 ला, दुपारच्या वेळी, तो कॅव्हर्न नावाच्या तळघरातल्या क्लबात गेला आणि बीटल्स ऐकून आला. तेव्हा ही पोरं चामड्याची जाकिटं घालून वाजवत, स्टेजवरच खात, सिगारेट ओढत, मध्येच आपसात गप्पा मारत. गाणी त्यांची होती, गळे त्यांचे होते, शहरात नावही होतं. पण शहराबाहेर त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. एप्स्टाइननं बँड चालवण्याचा कसलाही अनुभव नसताना ते काम अंगावर घेतलं. सूट शिवले. स्टेजवर खाणं बंद. गाणं संपलं की चौघांनी एकदम वाकून नमस्कार करायचा. ठरल्या वेळेला पोचायचं. मग रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे. 1 जानेवारी 1962 ला डेका कंपनीनं त्यांची चाचणी घेतली आणि नकार दिला. तो टेप घेऊन हा माणूस लंडनमध्ये हिंडत राहिला. शेवटी ईएमआयच्या पार्लोफोन या लहानशा लेबलचा जॉर्ज मार्टिन ऐकायला तयार झाला, आणि 6 जून 1962 ला बीटल्स अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत शिरले. 9 फेब्रुवारी 1964 ला ते अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर होते. दोन वर्षं आणि काही महिने, बस.

हा झाला अन्वय. आता व्यतिरेक बघा. 27 ऑगस्ट 1967 ला एप्स्टाइन गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. बीटल्स त्या दिवशी वेल्समध्ये बँगोर इथे महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते. संगीताला त्यानंतर काही झालं नाही. उलट काहींच्या मते त्यांचं उत्तम काम त्यानंतरच आलं. पण बाकीचं बघा. त्याच डिसेंबरात त्यांनी स्वतःच काढलेल्या टेलिव्हिजन फिल्मवर टीकेची झोड उठली. त्याच महिन्यात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान उघडलं, ते पुढच्या जुलैत बंद केलं आणि उरलेला माल लोकांना फुकट वाटला. ‘अ‍ॅपल’ नावाची कंपनी काढली, तिच्यात पैसा कुठून येतो नि कुठे जातो हे कोणालाच नीट कळेना. 1969 मध्ये नवा मॅनेजर कोण यावरून तिघे एका बाजूला आणि पॉल मॅकार्टनी दुसऱ्या बाजूला. 31 डिसेंबर 1970 ला प्रकरण कोर्टात गेलं.

बँड फुटायला इतर कारणं होतीच. चार माणसं तरुणपणी एका खोलीत राहिली म्हणून आयुष्यभर राहतील असं नाही. पण चार भावांच्या घरात म्हातारा असेपर्यंत वाटणीचा विषय निघत नाही, आणि तेराव्यानंतर लगेच निघतो, हे आपल्याला सांगायला लिव्हरपूल कशाला पाहिजे?

आता तुम्ही म्हणाल, हे तिकडचं झालं, आपल्याकडे कुठे आलाय बँडचा मॅनेजर? वऱ्हाडात बँड म्हटलं की वरातीपुढचा बँड डोळ्यांसमोर येतो. पण थोडं मागे जाऊ. गाण्यावर चालणारी, गावोगाव फिरणारी, लोकप्रिय गायकाच्या नावावर तिकिटं विकणारी, भागीदारीत उभी राहणारी आणि भांडणात फुटणारी संस्था आपल्याकडे होती. तिचं नाव संगीत नाटक कंपनी. आणि गंमत म्हणजे तिच्यात ‘मॅनेजर’ हा शब्द अगदी याच अर्थानं रुळलेला होता. मराठीत हा शब्द बँकेच्या आधी नाटक कंपनीतून घरोघर गेला असावा, असा माझा आपला अंदाज.

या कंपन्यांना वऱ्हाड फार लाडका. कारण कापूस. अमरावती, अकोला, खामगाव या बाजारपेठांत हंगामात पैसा खेळायचा, आणि रेल्वेची सोय होती. बदनेऱ्याला उतरून सामान अमरावतीला, नाहीतर थेट अकोल्याला. आणि नुसते पैसेवाले प्रेक्षक नव्हते बरं का. 1905 साली मुंबईत पहिलं नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. वीर वामनराव जोशी अमरावतीचे. त्यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शनं केलं आणि ‘रणदुंदुभि’ दीनानाथांच्या बळवंत मंडळीनं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोला-खामगावकडे वकिली करता करता नाटकं लिहीत. म्हणजे त्या धंद्याची एक बाजू आपल्या आजोबा-पणजोबांनी जवळून पाहिलेली आहे.

आता एक पडदा, चाळीस-पन्नास माणसं, आचारी, सामानाच्या पेट्या आणि एक ऑर्गन घेऊन गावोगाव हिंडायचं म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणा. पुढच्या मुक्कामाचं थिएटर आधी ठरवायचं. नसेल तर मांडव घालायचा. हस्तपत्रकं छापून वाटायची. रेल्वेचा डबा सांगून ठेवायचा. बिऱ्हाडासाठी वाडा बघायचा. नटाचा घसा बसला तर कोणतं नाटक बदलून लावायचं ते ठरवायचं. गल्ला मोजायचा, आणि गल्ला मोजणाऱ्यावरही लक्ष ठेवायचं. यातलं एकही काम प्रेक्षकाला दिसत नाही. दिसलं, तर समजायचं काहीतरी बिघडलंय.

किर्लोस्कर नाटक मंडळीत हे काम शंकरराव मुजुमदारांकडे होतं. या कंपनीचा इतिहास बघा. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, आणि 1885 मध्ये अण्णासाहेब गेले. पुढे भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर कंपनी उभी राहिली. 1901 मध्ये भाऊराव गेले. 1905 मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, कंपनीत आले. नानासाहेब जोगळेकर 1911 मध्ये गेले. संस्थापक जातो, मुख्य गायक जातो, मुख्य नट जातो, तरी कंपनी चालू राहते. अशी कंपनी नुसत्या गळ्यावर चालत नाही. कोणीतरी पेट्या मोजतोय, उधारी सांभाळतोय, नवा मुलगा शोधून आणतोय, म्हणून ती चालते.

पण मुजुमदारांचा कारभार करडा होता. मंडळींना तो जाचू लागला. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांनी, 1918 मध्ये, त्याच किर्लोस्कर कंपनीतून दीनानाथ मंगेशकरही बाहेर पडले आणि चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत मंडळी काढली. एकाच कंपनीनं पाच-सहा वर्षांत दोनदा आपला मुख्य गळा गमावला. नव्या कंपन्या कलावंतांच्या, कलावंतांनी चालवलेल्या. कानाला किती छान वाटतं! मधला माणूस गेला, आता आपणच आपले मालक.

गंधर्व मंडळीची पहिली वर्षं तर डोळे दिपवणारी होती. 1916 चं ‘स्वयंवर’, 1919 चं ‘एकच प्याला’. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी एकत्र केलेला ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग, ज्याच्याबद्दल लोक अजून बोलतात. आणि त्याच 1921 साली काय परिस्थिती होती? दोन्ही भागीदार एकेक करून बाहेर पडलेले, बालगंधर्व कंपनीचे एकटे मालक, आणि डोक्यावर मोठं कर्ज. म्हणजे कीर्ती शिगेला, त्याच वर्षी वहीत खड्डा.

हा खड्डा कसा पडला, याचं उत्तर बालगंधर्वांच्या भक्तांनीच प्रेमानं सांगून ठेवलंय. भरजरी शालू खरे हवेत. अत्तर अस्सल हवं. पडदे मखमली. पंगतीत कोणाला कमी पडता कामा नये. हे सगळं रसिकतेचं वर्णन म्हणून सांगतात, आणि ते खरंही आहे. पण मी ते वाचतो तेव्हा मला जमाखर्चाची वही दिसते. एखाद्या कलावंतानं ‘मला खरा शालू पाहिजे’ म्हणावं, यात काही वावगं नाही. ते म्हणणं त्याचं कामच आहे. पण समोर बसून ‘यंदा नाही, पुढच्या हंगामात’ म्हणणारं कोणी पाहिजे. मालकही तोच, नायिकाही तीच. मग ‘नाही’ कोण म्हणणार?

कर्ज फिटायला सात वर्षं लागली. सात वर्षं माणूस गात राहिला आणि देणी भागवत राहिला. त्यातून बाहेर पडल्यावरही कारभाराची घडी बसली नाही. तिकडे बोलपट आले. 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथ केले, पण प्रभातशी असलेलं ते नातं एका चित्रपटापुरतंच राहिलं. 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि म्हातारपण मात्र ओढाताणीत गेलं. 15 जुलै 1967 ला बालगंधर्व गेले.

तारीख लक्षात घ्या. जुलै 1967 मध्ये आपल्याकडे असा कलावंत गेला ज्याला मॅनेजर धड लाभला नाही, आणि सहा आठवड्यांनी तिकडे असा मॅनेजर गेला ज्याच्यामागे कलावंतांची घडी विसकटली. मी काही योगायोगात अर्थ शोधणारा माणूस नव्हे. पण शिकवायला ही जोडी सोयीची आहे, म्हणून वापरतो.

आता परत गाढवाकडे. मॅनेजर कारण आहे की नाही, हा प्रश्न असा मोघम विचारला की भांडण मिटत नाही. आधी विचारायचं, कार्य कोणतं? ‘गाणं’ हे कार्य धरलं, तर मॅनेजर अन्यथासिद्ध. गाढवच, यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बीटल्सची गाणी एप्स्टाइनच्या आधीही होती आणि नंतरही आली. बालगंधर्वांचा गळा मुजुमदारांनी दिलेला नव्हता. पण ‘यश’ हे कार्य वेगळं आहे. अकोल्याच्या ओक सभागृहात शनिवारी सात वाजता चारशे माणसं बसलेली आहेत, माइक चालू आहेत, बँड वेळेवर पोचलाय, आणि रविवारी सकाळी ठरलेले पैसे हातात आहेत, हे कार्य धरलं, तर मॅनेजर निःसंशय कारण.

पण कसलं कारण? इथे नैयायिकांनी एक फार सूक्ष्म गोष्ट सांगितलीय. ते म्हणतात, अग्नी आहे, लाकूड आहे, तरी जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर जळत नाही. मणी उचलला की जळतं. मग जळण्याच्या कारणांत अग्नी नि लाकूड यांच्याबरोबर ‘मणी नसणं’ हेही धरायला पाहिजे. याला ते प्रतिबंधकाभाव म्हणतात. आडकाठी नसणं हेही कारणच. मॅनेजर हा आडकाठ्या उचलणारा माणूस. त्यानं केलेल्या कामाचा परिणाम म्हणजे काहीतरी ‘नसणं’. गोंधळ नसणं, थकबाकी नसणं, उशीर नसणं. जे नाही ते दिसणार कसं? म्हणून त्याचं श्रेय कोणाला दिसत नाही, आणि टक्केवारी मात्र सगळ्यांना दिसते.

आपल्या मराठी व्यावसायिक नाटकानं हे बरोबर ओळखलंय. पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीत खाली ‘सूत्रधार’ म्हणून एक नाव असतं. नांदी म्हणणारा तो सूत्रधार नव्हे. तारखा घेणारा, बस ठरवणारा, बुकिंगवर नजर ठेवणारा माणूस तो. भरताच्या शब्दाला धंद्यानं हा अर्थ दिला, आणि मला तो अगदी चपखल वाटतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी मॅनेजरांचा वकील ठरेन. आडकाठी उचलणारा स्वतःच आडकाठी होऊन बसतो, असंही होतं. एल्विस प्रेस्लीचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर. हा कर्नल मूळचा हॉलंडचा, खरं नाव वेगळंच, आणि अमेरिकेत त्याची कागदपत्रं धड नव्हती. एल्विसच्या कमाईत त्याचा वाटा पुढे पुढे निम्म्यापर्यंत गेला. आणि एल्विसनं अमेरिका-कॅनडाच्या बाहेर आयुष्यात एकही कार्यक्रम केला नाही. सगळं जग बोलावत होतं, तरी नाही. कर्नलला स्वतःला देशाबाहेर पडून परत येण्याची धास्ती होती म्हणून असं झालं, असा तर्क बरेच जण करतात. तो खरा असेल तर मणी कुठे ठेवला होता ते बघा. आपला एप्स्टाइनही धुतल्या तांदळासारखा यशस्वी नव्हता. त्यानं मान्य केलेल्या ईएमआयच्या पहिल्या करारात एका रेकॉर्डमागे एक पेनी, तीही चौघांत वाटायची. बीटल्सच्या नावाची खेळणी, टोप, डबे विकण्याचा हक्क दिला तेव्हा नव्वद टक्के विकणाऱ्याला आणि दहा टक्के यांना. प्रामाणिक होता, पण भाव माहीत नव्हता. उलट लेड झेपलिनचा पीटर ग्रँट. त्यानं कार्यक्रमाच्या आयोजकांना तिकिटांच्या पैशात नव्वद टक्के बँडला द्यायला लावलं. आधी हे प्रमाण असं नव्हतं. एका मॅनेजरच्या हट्टानं पूर्ण धंद्याची रीत बदलली.

आपल्या देशात रॉकला आडकाठ्या वेगळ्या होत्या. सिनेमाचं संगीत एवढं मोठं झाड, की त्याच्या सावलीत दुसरं काही वाढणं कठीण. 1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन उभा राहिला, पुढे तोच इंडस क्रीड झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही मंडळी. वाजवण्यात ते कोणाला हार जाणारे नव्हते, पण बँडनं फिरावं असा रस्ताच तयार नव्हता. तो कोणीतरी करावा लागतो. 1986 मध्ये फरहाद वाडिया यांनी मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. धोबीतलावच्या रंगभवनात पोरं उभी राहून ऐकायची. पुढे आवाजाचे नियम आले, शेजारी हॉस्पिटलं असल्यानं तो भाग शांतताक्षेत्रात, आणि रंगभवन गेलं. नियम योग्यच होता, मी स्वतः रात्री डीजेनं हैराण होणारा माणूस आहे. पण एक जागा गेली की दहा बँडांचा रस्ता जातो, आणि नवी जागा शोधणं हे गिटारवाल्याचं काम नव्हे.

मध्यंतरी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं माझ्याकडे आली. चौघांचा बँड. पाचवा त्यांचा मित्र, तो काही वाजवत नाही. पण तारखा तोच आणतो. अकोला, यवतमाळ, परतवाडा. पोलीस परवानगी तोच काढतो, रात्री दहाच्या आत स्पीकर बंद होतील हे तोच बघतो, जनरेटरवाल्याशी तोच भांडतो, इसार घेतल्याशिवाय गाडी हलवू देत नाही. त्यानं बरोबरीचा वाटा मागितला. ड्रमवाला म्हणाला, ‘काहून द्यायचा? तो वाजवते काय?’ भांडण एवढं वाढलं होतं की महिनाभर सराव बंद. त्यातल्या एकाची आई माझी विद्यार्थिनी, तिनं सगळ्यांना माझ्याकडे धाडलं.

मी त्यांना गाढवाची गोष्ट सांगितली नाही. मित्र समोर बसला होता. मी कागद घेतला. त्यांच्या एका कार्यक्रमाचे आकडे गोल करून मांडले. बिदागी चाळीस हजार. गाडी, साउंड, जेवणखाण मिळून खर्च बावीस हजार. उरले अठरा. आता मित्राला बरोबरीचा वाटा दिला तर पाच वाटे, प्रत्येकी 3,600. ड्रमवाल्याचं म्हणणं, वाटा नको, बाहेरच्या मॅनेजरसारखं पंधरा टक्के कमिशन देऊ. बरं. पंधरा टक्के कशावर? एकूण बिदागीवर असतील तर ते होतात सहा हजार. उरलेले बारा हजार चौघांत, म्हणजे तीन-तीन हजार. वाजवणाऱ्याला तीन, न वाजवणाऱ्याला सहा! आणि खर्च वजा जाता उरलेल्यावर पंधरा टक्के धरले तर मित्राला 2,700 आणि चौघांना प्रत्येकी 3,825. पोरं गप्प. महिनाभर भांडत होती, पण टक्के कशावर हे कोणी विचारलं नव्हतं. बाहेरच्या धंद्यात मॅनेजरचं कमिशन बहुधा एकूण कमाईवर धरतात. तेव्हा मित्र जे मागत होता ते स्वस्तातलं होतं.

मग मी माझं मत सांगितलं. कार्यक्रमाच्या पैशात त्याला बरोबरीचा वाटा द्या, कारण ते कार्य त्याच्याशिवाय होत नाही. गाण्यांच्या हक्कात मात्र त्याला वाटा नाही. ज्यानं शब्द लिहिले, ज्यानं चाल बांधली, गाणं त्यांचं. कॉपीराइटच्या कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, तिच्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा कोणालाही लिहून देता येत नाही अशी सोय आहे. तो हक्क वारसांकडे जातो किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत वसूल होतो. दोन कार्यं, दोन हिशेब. ड्रमवाला उठताना म्हणाला, ‘सर, मग चाल मी बांधली नाही तर मलेही गाण्यात वाटा नाही?’ हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता त्यांचं नवं भांडण त्यावर चालू आहे असं ऐकतो.

इथे थांबतो. दोन-तीन प्रश्न घेऊ, वेळ आहे म्हणतात.

(एका श्रोत्या बाईंनी विचारलं, की घरच्याच माणसानं मॅनेजर व्हावं का.)

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसंच असतं. गायिकेचा नवरा, वादकाचा भाऊ. विश्वासाचा प्रश्न सुटतो, म्हणून लोक करतात. पण अडचण अशी, की मॅनेजरला दोन माणसांना ‘नाही’ म्हणावं लागतं, आयोजकाला आणि कलावंताला. घरचा माणूस आयोजकाला नाही म्हणेल. बायकोला म्हणेल का? आणि म्हटलं तर रात्री जेवताना तेच चालू राहील. माझा नियम विचाराल तर घरचा चालेल, पण वही तिसऱ्याच्या हातात द्या.

(दुसरा प्रश्न: मुजुमदारांसारखा करडा मॅनेजर राहिला असता, तर बालगंधर्व बालगंधर्व झाले असते का.)

चांगला प्रश्न आहे. ‘स्वयंवर’ नि ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीचे. ती मोकळीक किर्लोस्करमध्ये मिळाली असती का, मला शंका आहे. 1913 मध्ये ते बाहेर पडले हे मी चूक मानत नाही. बाहेर पडताना तिघं होते, त्या तिघांत एकानं तरी फक्त हिशेब बघायचं ठरवायला हवं होतं, असं मला वाटतं. बोडसांनी ‘माझी भूमिका’ आणि टेंब्यांनी ‘माझा जीवनविहार’ लिहून ठेवलंय. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकाच कंपनीच्या दोन भागीदारांची दोन पुस्तकं आहेत ती.

(शेवटचा प्रश्न एका तरुणाचा: करार लेखी पाहिजे का, मित्रांमध्येही.)

मित्रांमध्ये तर पाहिजेच. अनोळखी माणसाशी तुम्ही आपोआप जपून वागता. एक पानाचा पुरे. टक्के किती आणि कशावर, खर्च कोण मंजूर करणार, बँक खातं कोणाच्या नावावर, वही दर महिन्याला कोणाला दाखवायची, किती वर्षांसाठी, आणि वेगळं व्हायचं झालं तर आधीच घेतलेल्या तारखांचं काय. शेवटचं कलम लोक विसरतात आणि तिथेच मारामारी होते. जीएसटी, टीडीएस यासाठी एखादा सीए गाठा, ते माझं काम नव्हे. आणि सही दोन्ही बाजूंची घ्या. जानेवारी 1962 मध्ये बीटल्सच्या चौघांनी करारावर सह्या केल्या, एप्स्टाइननं स्वतः केलीच नाही. पोरांना वाटलं तर मोकळं होता यावं, असं त्यानं नंतर सांगितलं. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात नवा करार करावा लागला. तेव्हा पॉल आणि जॉर्ज अजून एकवीस वर्षांचे नव्हते, म्हणून त्यांच्या वडिलांनीही सह्या केल्या.